दोन भोकांची कयाक

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. दुकानात ताडपत्र्या शिवायचं काम इतकं आलंय की बोटांची चाळण झाली आहे. मालकांचा खोकला आणि स्वभाव, दोन्ही जसेच्या तसे. तू बाहेरगावाहून येशील तेव्हा हे पत्र आणि तुझ्या शेडची किल्ली वहिनीकडे मिळेल. किल्ली का परत केली, तेही सांगते.

वर्षभर आपण त्या कयाकवरून भांडलो. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलं कापड, अशी वल्ह्याची होडी आपल्या हातांनी बांधायची, इथवर एकमत. पण पद्धत कोणती? तुला ग्रीनलँडची हवी होती, अरुंद, चपळ, एकट्याची. मला अल्युशन बेटांवरची, दोन भोकांची, दोघांनी पुढेमागे बसून वल्हवायची. "ती काय कयाक आहे? पाण्यातली बस आहे बस!" असं तू म्हणायचास. आणि एक दिवस अचानक विरघळलास. "चल, तुझंच खरं. दोघांची बांधू." दादाने माझं ऐकलं म्हणून मी दुकानभर सांगत सुटले. मला शहाणीला तेव्हाच शंका यायला हवी होती. तू आयुष्यात कधी कुणाचं ऐकलं आहेस?

अशी कयाक बसणाऱ्याच्या अंगाच्या मापाने बांधतात. तू मला फरशीवर पाय पसरून बसवलंस, कमरेला दोरी लावलीस, गुडघ्यापाशी खडूने खूण केलीस. मला हसू आवरेना, तर "हलू नकोस गं!" म्हणून ओरडलास. त्यानंतर कामावरून सुटले की मी रोज तुझ्या शेडमध्ये. वाफेवर बरगड्या वाकवल्या, हात भाजून घेतले, ओलं कापड ताणून ताणून शिवलं.

तू गावाला गेलास त्याच दिवशी मी बसायच्या भोकांची लाकडी कडी शिवायला घेतली. त्याआधी पुढचं कडं अंगात घालून पाहिलं, तर ते कमरेवरून खाली उतरेना. वाटलं, मीच सुटले असेन. मग सांगाड्यात बसले, तर गुडघे आडव्या दांडीवर आपटले. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. गंमत म्हणून तिने तेच कडं घातलं आणि ते अलगद खाली आलं.

"हे म्हणालेच होते, मला बरोबर होईल म्हणून," ती म्हणाली. "उन्हाळ्यात आम्ही दोघं तलावावर जाणार आहोत ना, आठवडाभर." मग माझं तोंड पाहून तिचा चेहरा पडला. "तुला ह्यांनी सांगितलं नाही?"

नाही गं बाई. ह्यांनी मला सांगितलं नाही. ह्यांनी माझं माप घेतलं.

दादा, बायकोला बरोबर न्यावंसं वाटलं यात काय चुकलं? सांगितलं असतंस तर मी दोन दिवस फुगून बसले असते आणि मग तिच्यासाठीही जीव ओतून शिवलं असतं. पण तुला शिवणारी हवी होती, आणि ती फुगलेली परवडणार नव्हती. म्हणून ती दोरी, तो खडू, ते सगळं नाटक. तू मला फसवलंस, दादा. सख्ख्या भावाने फसवलं. एवढं एक वाक्य लिहायचं होतं, तर मी आधी मालकांचा खोकला लिहीत बसले.

मला पाण्यात जायचं नव्हतंच मुळी. तुझ्याबरोबर जायचं होतं.

कापड मी उसवून घरी आणलं आहे. सांगाड्याला हात लावलेला नाही. तुझं लाकूड तुला लखलाभ. माझी पद्धतही ठरली, ग्रीनलँडची, एकटीची. कमरेचं माप आपलं आपल्याला नीट घेता येत नाही, म्हणून काल वहिनीला बोलावलं. तिने मापं घेतली, आणि प्रत्येक आकडा मला मोठ्याने वाचून दाखवला.

अजून तरी तुझीच,
धाकटी