सूर्यावरचा खवला

रेवदंडा, रविवार सकाळ

ति. निवेदिताताईस,

भाऊचा नमस्कार. तुझे गुडघे पुण्याच्या जिन्यांना पुरून उरत असतील अशी आशा करतो. इकडे नारळ ठीक, मी ठीक, आणि तुझे यजमान ठीकपेक्षा जास्त आहेत, हीच अडचण आहे. (पत्र अशासाठी, की घरच्या ग्रुपवर तेही आहेत.)

निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात. अजेयदाजी माझ्या वाडीत दुर्बीण लावून सूर्य खेळवतात. तुला वाटत असेल, फोटो म्हणजे एक फोटो. अडाणी आहेस. आधी दुर्बिणीच्या तोंडावर काळी काच बसवायची, मागे कॅमेरा लावायचा आणि त्याच त्या सूर्याचे सोळाशे फोटो काढायचे. त्यातले बाराशे नापास करायचे. उरलेले चारशे संगणकात एकावर एक रचायचे, पापडांच्या चळतीसारखे. म्हणजे हवेने थरथरलेलं पुसलं जातं आणि प्रत्येक फोटोत जे असतं तेवढंच उठून दिसतं. खोटं यात टिकत नाही, असं दाजी मला रोज ऐकवतात. (आणि चारशेच्या चारशेंनी तीच थाप मारली तर? हा प्रश्न मी पोह्यांबरोबर गिळला. आपल्या घराण्याचा इतिहास असाच रचलेला आहे.)

तर गेल्या मंगळवारी सूर्यावर डाग सापडला. साधासुधा नव्हे, पृथ्वी बारा वेळा मावेल एवढा, आणि त्यात एकात एक बारीक कडी. ही चुंबकीय वलयं, असा दाजींचा निकाल. जेवण सोडून त्यांनी त्या कड्यांना संगणकावर धार लावली, गावात चहा पिणाऱ्या प्रत्येकाला ती मोबाईलवर दाखवली आणि अठ्ठावीस तारखेला बोर्ली पंचतनच्या एका शाळेत व्याख्यान ठरवलं. चार बाय सहाचा फ्लेक्सही छापून आला. तो अंगणात उलगडला, तेव्हाच चंद्राबाई मासळीची पाटी घेऊन दारात आल्या. वाकून पाहिलं.

"ह्यो बोयचा खवला हाय."

"बाई, हा सूर्य आहे."

"सुर्य असंल. त्येच्यावर खवला हाय. जलम गेला माजा खवलं काढन्यात."

आणि पाटीतल्या बोय माशाचा एक खवला नखाने उचकटून त्यांनी फ्लेक्सवर ठेवला. कडी तीच. दाजींनी त्यांना प्रकाशाचं शास्त्र समजावलं, त्यांनी दाजींच्या गळ्यात सहा बोया मारल्या. तरी दाजी ठाम! तीस वर्षं बँकेत सह्या तपासल्या, माझी नजर चुकेल का, म्हणतात. (मला त्या बँकेची काळजी वाटू लागली आहे.)

तुझा धाकटा,
भाऊ

ता. क. – सोमवारी कॅमेऱ्याची काच मी पुसली होती. हात लावू नकोस म्हणून दाजींनी बजावलं होतं, पण मला एकदा सूर्य बघायचा होता. कॅमेरा काढताना काचेवर बोट उमटलं, ते खांद्यावरच्या पंच्याने पुसलं. त्याच्या आधी बोय साफ करून हात त्याच पंच्याला पुसले होते. हे दाजींना सांगायची माझी छाती नाही. तू सांग, आणि अठ्ठावीसच्या आत सांग. भर शाळेत एखाद्या कोळ्याच्या पोरीने हात वर केला, तर हा माणूस पुन्हा आकाशाकडे मान वर करायचा नाही.

आणखी एक – व्याख्यान मात्र रद्द करायला लावू नकोस. दाजी दुपारी घोरतात तेव्हा मी चष्म्याच्या फडक्याने काच पुसून सोळाशे काढले, बाराशे टाकले (नापास करताना फार वाईट वाटतं गं) आणि चारशे रचले. एक डाग आहे. काठाशी, मोहरीएवढा. तो त्यांच्याच संगणकात, त्यांच्याच फोटोंमध्ये सरकवून ठेवला आहे. नीट शोधा म्हणावं. चंद्राबाईंना आधीच दाखवला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "ह्यो न्हाय आपल्यातला."