डबीत न आलेला नंबर

जव्हार,
गुरुवार, १२ फेब्रुवारी २००४, दुपारी दीड

प्रिय जयवंती,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते चुलीत घालशील अशी धास्ती वाटते, म्हणून जीपवाल्या माघ्याला बजावलंय, ती वाचून होईपर्यंत तिच्या पुढ्यातून हलायचं नाही. तेव्हा बाई, राग असू दे, पण वाच. तुझ्या नोकरीचं पत्र आलंय. आश्रमशाळेतल्या शिक्षिकेच्या जागेसाठी प्रतीक्षा यादीतून तुझं नाव वर आलं आहे. उद्या शुक्रवारी दुपारी बाराच्या आत ठाण्याला स्वतः हजर राहिली नाहीस, तर तुला जागा नकोय असं धरून ती पुढच्या मुलीला देणार आहेत. पत्र सोबत ठेवलंय. आधी शिक्का बघ, जावक क्रमांक बघ, सही बघ, आणि मग माझं पुढचं वाच.

फोनवरून निरोप आलाय असं सांगितलं असतं तर तू ढुंकूनही बघितलं नसतंस, आणि कुठल्या तोंडाने तुला नावं ठेवू? दोन वर्षांपूर्वीचा तो फोन मीच घेतला होता. अर्जावर आमचा पत्ता आणि नंबर लिहायचा हट्टही माझाच. तुमच्या जामसरला फोन नाही, आमच्या घरी आहे, मग काय बिघडलं, अर्ध्या तालुक्याचे निरोप मी पोचवते, म्हटलं तुझा नाही पोचवणार का? तो माणूस काय गोड बोलला गं! मॅडम काय, अभिनंदन काय, निवड झाली आहे, सोमवारी सगळी मूळ कागदपत्रं घेऊन पाठवा. मी चपला घालायचीही थांबले नाही, तशीच डेपोत धावले आणि जामसरच्या गाडीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिली. शेजारीपाजारी साखर वाटली. तुला माझी मोरपंखी साडी नेसवली, ह्यांची चामड्याची फाईल दिली. सगळी हौस माझी, आणि भोगलंस तू. ठाण्याच्या ऑफिसच्या फाटकातच त्याने तुला गाठलं, शिक्के मारून आणतो म्हणून फाईल घेतली, एका दाराने आत गेला आणि दुसऱ्या दाराने पसार झाला. तू संध्याकाळपर्यंत तिथल्या पायरीवर बसून राहिलीस.

परत आलीस तेव्हा उंबऱ्यापाशी उभं राहून एवढंच विचारलंस, काकू, त्याचं नाव विचारलं होतं का, कुठल्या नंबरवरून बोलतो ते विचारलं होतं का. मी नव्हतं विचारलं. मग तू चहाही न घेता निघून गेलीस. त्यानंतर तुझ्या बाबांनी, सुकऱ्यादादांनी, बाजारात चार माणसांत म्हटलं की फोनवाली बायच त्याला सामील हाय. ते माझ्या कानावर आलं. मला राग त्यांचा नाही आला. तू तिथंच उभी होतीस म्हणे, आणि गप्प राहिलीस, त्याचा आला. दोन रात्री रडले मी. आज सांगून टाकलं, बरं वाटलं.

त्या मेल्याचं पुढे धाडस वाढलं. फाईल परत पाहिजे असेल तर अमुक पैसे द्या म्हणून फोन, मग नीतासाठी फोन, मोखाड्याच्या गौरासाठी फोन, सगळ्या आमचाच नंबर देऊन अर्ज केलेल्या मुली. तुला तेव्हा काही कळवलं नाही, कारण माझ्याकडून आलेला शब्द तू घेतला नसतास. पोलिसांत गेलो तर ते म्हणाले नंबर आणा. शेवटी आमच्या लेकीने, किमयाने, नाशकाहून ती डबी आणली, फोन वाजला की पलीकडचा नंबर दाखवणारी. पण त्याचा फोन आला की डबीत नुसत्या रेघा. ह्यांनी घरात नियम केला, रेघा दिसल्या की फोन उचलायचा नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी उचलायचे आणि त्याच्या सात पिढ्या उद्धरून ठेवायचे. हळूहळू फोन कमी झाले. मला वाटलं, जिंकले मी. तू एकटीने वर्षभर चकरा मारून सगळ्या कागदांच्या दुय्यम प्रती मिळवल्यास, हे मला लोकांकडून कळलं. तुझ्याबरोबर एकदा तरी यावं असं फार वाटायचं, पण तू बोलावलं नाहीस आणि मी आपली कढीत मीठ टाकायचं विसरत राहिले.

आता मूळ गोष्ट. गेल्या आठवड्यात सोमवारी फोन वाजला. डबीत रेघा. एक माणूस म्हणाला, जयवंतीबाईंना निरोप द्यायचाय, ठाण्याहून बोलतोय, नेमणुकीसंबंधी आहे. माझं टाळकंच सटकलं. पुढचं ऐकूनच घेतलं नाही, तोंडाला येईल ते बोलून फोन आपटला. बुधवारी परत. तेव्हा म्हटलं, अशी कोणी मुलगी नाही इथे, मेली ती. हो, असं म्हणाले मी, माझ्या जिभेला हाड नाही. ह्या सोमवारी तिसऱ्यांदा आला तेव्हा ज्या शिव्या घातल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत, आणि भिंतीतून वायर उपसून टाकली. हे दुकानातून आले, तर त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं, आज कायमचा बंदोबस्त केला म्हणून.

आज अकराला पोस्टमन आला. पत्रात ओळ आहे बघ, आपणास दूरध्वनीवरून तीन वेळा कळविण्याचा प्रयत्न केला, परंतु प्रतिसाद असभ्य होता. वाचलं आणि कळलं, मी शिव्या कोणाला घातल्या ते. तरी खात्री कशी करायची? पत्रात छापलेला नंबर लावला नाही, एवढी शहाणी झालेय आता. डिरेक्टरी काढली, त्यातून ऑफिसचा नंबर शोधला, दोन्ही नंबर अंकाअंकाने ताडून बघितले, वायर खोचली आणि मग लावला. पत्र खरं आहे, जयवंती; त्या ऑफिसच्या फोनलाही डबीत रेघाच येतात, हे मला कुठे ठाऊक होतं. यादीतली पुढची मुलगी सकाळपासून बाकावर बसली आहे म्हणे, तुझी वाट बघत नाही, तू येऊ नयेस म्हणून.

माघ्याची जीप चारला जव्हारला परत फिरते, तिच्यातच बस. रात्री आमच्याकडे राहा, नको वाटलं तर डेपोजवळ सकूमावशीकडे राहा, पण पहाटेची पहिली ठाण्याची गाडी चुकवू नकोस. सगळ्या दुय्यम प्रती घे. फाईल कोणाच्या हातात देऊ नकोस, अगदी साहेबाने मागितली तरी टेबलापाशी उभी राहा. बाबा अडवतील. त्यांना हे पत्र वाचून दाखव, माझ्या शिव्यांसकट.

आणि आता ते सांगते, ज्यासाठी खरं म्हणजे लिहायला बसले. नुसतं पाकीटही माघ्याबरोबर धाडता आलं असतं. फोनवर क्लार्क म्हणाला, उमेदवाराशिवाय कोणाशी बोलणार नाही, आणि आत्ता नाही सांगितलं तर दोन वाजता पुढचं नाव घेतो. मी म्हटलं, मीच जयवंती बोलतेय. एका दमात. त्याने जन्मतारीख विचारली, बापाचं नाव विचारलं, डी.एड.चं वर्ष विचारलं, सगळं पाठ होतं मला. कुठे अडखळले नाही. पत्रातली मुदत आजचीच होती, पण उद्या बारापर्यंत थांबतो म्हणाला. मग ठेवता ठेवता त्याने विचारलं, तीन वेळा फोनवर आम्हाला शिव्या देणारी ती बाई कोण? तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, ती माझी काकू आहे, माझ्यावर फार जीव आहे तिचा, तिला माफ करा. तुझ्या नावाने, तुला न विचारता. बाकीचं सगळं मी तुझ्या कागदांवरून सांगितलं गं, एवढं एकच मनाचं घातलं. उद्या त्याने तुला ते विचारलं, तर खरं काय ते तू सांग.

तुझीच,
पुष्पावती काकू