साडेसहा ते सातची वाटणी

मी, दर्शना गणपत घाडी, वय सत्तावीस, धंदा नोकरी, राहणार लालबाग, आमच्या घरातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिवसभर पेजेवर असल्यामुळे थोडी चिडचिड आहे, पण चिडचिडीने मृत्युपत्र बाद होत नाही. उद्या माझ्या पित्ताशयातला खडा काढणार आहेत.

भोईवाडा कोर्टाजवळ मी ज्यांच्याकडे काम करते त्या वकील वासंतीमॅडम म्हणाल्या, "खड्यासाठी कुणी मृत्युपत्र करतं का गं? दुर्बिणीतून काढतात. परवा घरी येशील." पण त्यांच्याच ऑफिसात बसून मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले आहे, की मृत्युपत्र करायला म्हातारं व्हावं लागत नाही. दुसऱ्याला सांगितलेलं निदान एकदा तरी स्वतः करावं, असं मला वाटतं.

१. घर बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे त्याची वाटणी करायचा मला अधिकार नाही. बँकेत जे काही असेल ते माझी आई राधा हिला. तिने त्यातून माझ्या नावाने कुठे पंखा किंवा बाक देऊ नये. स्वतःचे दात करून घ्यावेत.

२. माझी पदवी भिंतीवर आहे तिथेच राहू द्यावी. पाहुण्यांना दाखवताना "एल्‌एल.बी. आहे" असं आईने सांगू नये. ती बी.ए.ची आहे.

३. गिरगावात गिटारचा क्लास घेणारे विहंग सर यांना माझी पहिली तुटलेली तार द्यावी. पहिल्याच दिवशी माझी बोटं पाहून ते म्हणाले होते, "ताई, हे लहानपणी करायचं असतं. आता बोटं वळत नाहीत." तार जाड आहे. त्यांनी ती वळवून पाहावी.

४. आता माझी खरी मालमत्ता. ती म्हणजे आमच्या चाळीच्या मंडळाच्या खोलीतली रोजची संध्याकाळी साडेसहा ते सात ही वेळ.

ज्यांना चाळीची माहिती नाही त्यांच्यासाठी लिहिते. आमच्या दहा बाय बाराच्या घरात टीव्ही, कुकर आणि आईचा फोन एका वेळी चालू असतो. तिथे गिटार वाजवली तर ती मला स्वतःलाच ऐकू येत नाही. म्हणून तळमजल्यावरची मंडळाची खोली मी सभेत रीतसर मागितली. या खोलीत ढोल ठेवतात, आणि उरलेल्या जागेच्या वेळा घराघरांना वाटून दिलेल्या असतात. साडेसहाची वेळ रिकामी होती, पण हितेंद्र पाताडे याला ती कॅरमसाठी हवी होती. हितेंद्र शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि अजून तिथेच बसल्यासारखा बोलतो.

"ए दर्शू, या वयात गिटार? आधी लग्न कर, मग वरातीत वाजव."

"तुझ्याच वरातीत वाजवते की. आधी एखादी हो तरी म्हणू दे."

सभा हसली आणि वेळ मला मिळाली. हितेंद्रने त्याबद्दल मला अजून क्षमा केलेली नाही. म्हणून या मृत्युपत्रात त्याला काहीही नाही.

५. मंडळाचा नियम असा, की ज्या घराची वेळ आहे त्या घरातल्या माणसाने खोली वापरली पाहिजे. सलग आठवडाभर खोली बंद राहिली तर वेळ पुढच्या मागणाऱ्याकडे जाते, आणि पुढचा मागणारा कोण हे सांगायला नको. गिटार पोटावर टेकते. माझ्या पोटाला टाके पडणार. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर पोटाला काही टेकवायचं नाही." तेव्हा मी मेले काय किंवा जगले काय, ही वेळ वाचवायला घरातलं दुसरं माणूस लागणार. आई म्हणाली, "मी ढोल वाजवीन, गिटार नाही." म्हणून गिटार आणि ही वेळ मी माझे वडील गणपत घाडी यांना देत आहे.

६. बाबा मसाला कांडायच्या डंकावर काम करतात. त्यांनी वाजवण्याआधी हात साबणाने दोनदा धुवावेत. हे मी अनुभवाने लिहिते. शिकायला लागले तेव्हा तारांनी माझ्या बोटांची टोकं सोलली होती, आणि त्याच हातांनी मी डंकावर बाबांना बेडगी मिरचीची पूड भरायला मदत केली. माझी किंकाळी ऐकून शेजारच्या जाईबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "काय गो, गाणा पण शिकतंस?"

७. बाबांसाठी सूचना. मी सुरुवातीला रंगीत वेळापत्रक करून भिंतीला लावलं होतं. त्यात सोमवारी सरगम, मंगळवारी ताल, असं सगळं होतं. पहिला आठवडा मी ते पाळलं आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच्यावर कॅलेंडर टांगलं. तसलं काही करू नका. गिटार पिशवीत घालून पलंगाखाली ठेवू नका, खिळ्याला टांगा. डोळ्यांसमोर असली की लाजेने तरी हातात घेतली जाते. रोज आधी तारा जुळवा. मग दोनच कॉर्ड हळूहळू बदला. गाण्याच्या मागे लगेच लागू नका. कंटाळा आला तर नुसत्या तारा जुळवून या, पण खाली जा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणाला तरी त्याची सवय लागू द्या. एकदा ऑफिसातून दमून आले आणि म्हटलं, आज राहू दे. सात वाजता जाईबाई दारात.

"आज वाजवलंस नाय गो? माझी गोळी रवली मा!"

तेव्हा मला कळलं, की माझी गिटार सुरू झाली की जाईबाई साखरेची गोळी घेतात आणि समोरच्या चंपामावशी डाळ लावतात. त्यांना सूर कळत नाहीत, वेळ कळते. त्या दिवसापासून रियाज माझ्या मर्जीवर राहिला नाही, आणि म्हणूनच टिकला. जाईबाईंना मी माझं गजराचं घड्याळ देते. पण त्या ते लावणार नाहीत याची मला खात्री आहे.

८. गेल्या रविवारपासून मी बाबांना ई मायनर हा कॉर्ड शिकवते आहे. तो दोन बोटांत होतो.

"दोनच बोटं?" बाबा म्हणाले. "मग बाकीची कशाला दिलीत देवाने?"

"त्यांना पुढे काम आहे, बाबा."

"मला नाही जमायचं गं. सगळी चाळ हसेल."

"मला हसली नाही?"

"तुला हसली तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. माझ्या वेळी कोण उभं राहील?"

याचं उत्तर आईने दिलं, "मी राहीन. पण सात वाजता कुकर उतरवायला जाईन."

९. मी जिवंत परत आले तर हे सगळं आपोआप रद्द समजावं. फक्त साडेसहानंतरची पहिली दहा मिनिटं बाबांचीच राहतील. दिलेलं परत घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही.

१०. ज्याला या मृत्युपत्राने काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये, असं मॅडम सांगतात. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, की मजल्यावरच्या प्रत्येकाला मी काही ना काही देऊन बसले आहे. चंपामावशींना तर उरलेला साबणसुद्धा. काहीच न मिळालेला माणूस आमच्या चाळीत एकच उरला. नाइलाजाने त्यालाच बोलावलं आहे. तो खाली खोलीच्या दारात उभा होता, आत बाबा होते, त्यामुळे यायला त्याला जरा वेळ लागला.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी त्याखाली सही केली आहे.

दर्शना गणपत घाडी
लालबाग, मुंबई
दिनांक १६ जानेवारी २०२६

साक्षीदार

१. वासंती विजयकर, वकील. माझ्यासमोर सही झाली. खडा लहान आहे.

२. हितेंद्र पाताडे. माझ्यासमोर सही झाली. गणपतकाकांचं वाजवणं आता दारात उभं राहून ऐकलं. लय बेकार वाजवतात. दहा मिनिटांत त्यांचं काही होणार नाही, अर्धा तास पूर्ण द्या. कॅरम जिन्याखाली नेतो.