गोठ्यातला गुंड

प्रिय रत्नमाला,

तू फोन उचलत नाहीस, हे एका परीनं बरंच झालं. उचलला असतास तर मी दोन वाक्यांत सगळं सांगून मोकळी झाले असते आणि तू "बरं" म्हणून ठेवून दिला असतास. पत्राचं तसं नसतं. फाडायचं असलं तरी माणूस आधी एकदा वाचतोच. माझ्या भावाशी, जीवनशी, तुझं लग्न झाल्यापासून तुला वहिनी म्हणायचं मी कितीदा ठरवलं, पण साकोलीच्या होस्टेलात जिच्या ताटातली चटणी चोरून खाल्ली तिला वहिनी कसं म्हणायचं? आठवतं का, गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी वर्गातल्या मोठ्या नकाशावर आपण पेन्सिलीनं नवी सीमा काढली होती. बाईंनी रागानं विचारलं तेव्हा मी बाकाखाली काहीतरी शोधायला लागले आणि तू सरळ उभी राहिलीस. खोटं बोलायचं तुला तेव्हाही सुचलं नव्हतं.

घरभरणीच्या दिवशी मी नागपुरातच अडकले होते. त्यामुळे जे घडलं ते मला आईकडून एक, जीवनकडून दुसरं आणि शेजारच्या रुखमिणी मावशीकडून तिसरंच कळलं. तिन्हींतून एवढं नक्की झालं की घरकुलाचं बांधकाम चालू होतं, सामान उघड्यावर पडलं होतं आणि मोहल्ल्यात पितळेची भांडी चोरीला जात होती. म्हणून आईनं माहेरून आणलेला पाणी भरायचा पितळी गुंड पावसाळ्याच्या तोंडावर गोठ्यात, भाताच्या तणसाच्या ढिगात खोल दडवून ठेवला. चार महिने गोठ्यातलं शेण काढायला तूच जात होतीस. दिवाळीनंतर नवीन घरात वंदनेसाठी सगळा मोहल्ला जमला, आईनं मोठ्या हौसेनं गुंड काढून आणला, तर तो तोंडापासून पोटापर्यंत तडकलेला. तू म्हणालीस की हातही लावला नाही. आईनं सगळ्यांदेखत विचारलं, "पितळ का आपोआप फुटते?" आणि तुला लबाड म्हटलं. जीवन खाली बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तू सानगडीला माहेरी निघून गेलीस. मी असते तरी गेलीच असतीस, आणि मी तुला अडवलंही नसतं.

माझं काम काय आहे हे तू मला नेहमी चिडवत विचारायचीस. भंगारवाली म्हणायचीस. खोटं नाही ते. तुटलेल्या वस्तू माझ्या टेबलावर येतात आणि त्या का तुटल्या हे मी शोधते. पण रत्ना, इतकी वर्षं झाली तरी या कामानं मी रोज चकित होते. मागच्या महिन्यात एका ट्रॅक्टर-ट्रॉलीचा वेल्डिंग केलेला हूक आला होता. उन्हाळ्यात तळ्या-बोडीचं पाणी ओसरताना काठावर रेघा राहतात ना, तशा त्याच्या तुटलेल्या तोंडावर बारीक रेघा होत्या. प्रत्येक ओझ्याबरोबर तडा थोडाथोडा सरकत गेला होता, आणि ट्रॉली चालवणाऱ्यांना पत्ताही नव्हता. काचेचं तर विचारूच नको. फुटलेल्या बाटलीचे तुकडे नीट जुळवले की पहिली भेग जिथं पडली तिथं एक लहानसा, आरशासारखा गुळगुळीत ठिपका सापडतो. मरणाऱ्या वस्तूनं शेवटची गोष्ट तिथं लिहून ठेवलेली असते. आपल्याला फक्त वाचता आली पाहिजे. असं काही सापडलं की मी कामाच्या वेळातही थोडा वेळ नुसती बसून राहते.

घरी गेले तेव्हा आईनं तो गुंड मोडीत काढायला दाराशी ठेवला होता. मी सहज उचलला आणि माझे हात थांबले. त्याच्यावर कुठंच पोचा नव्हता. पडलेलं, आपटलेलं भांडं आधी दबतं, मग फाटतं. हा दबलाच नव्हता. भंडाऱ्याच्या कासारानं घडवला तेव्हा जसा गोल होता तसाच गोल. मी आईला म्हटलं, मला हा लॅबमध्ये न्यायचा आहे आणि कदाचित कापावा लागेल. तिनं गुंड माझ्या हातातून घेऊन पदरानं पुसला. तिच्या माहेरची एवढीच एक वस्तू उरली होती. मग म्हणाली, मीपण येते. अड्याळहून बसनं नागपूरपर्यंत तिनं तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

आईला मी मायक्रोस्कोपमध्ये तडा दाखवला. आत पितळ एकसंध नसतं. लहान लहान कणांचं असतं. आपल्या नव्या घराच्या भिंतीत फट पडली तर ती विटा न फोडता विटांच्या जोडणीतून जाते, तसा तो तडा कणांच्या मधून वाट काढत गेला होता. वाटेत त्याला फाटेही फुटले होते. पितळ असं फुटतं ते दोन गोष्टी एकत्र आल्यावर. हातोड्यानं ठोकून भांडं घडवताना त्याच्या अंगात ताण दडून राहतो, तो वर्षानुवर्षं निघत नाही. आणि ओल्या हवेत अमोनियाची वाफ असली की ती नेमकी त्या जोडण्यांना कुरतडते. अमोनिया कुठून येतो, तर गोठ्यात गुरांच्या मुतानं भिजलेल्या तणसातून. तोच झोंबणारा वास, ज्यानं शेण काढताना तुझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. आईनं चोरापासून वाचवायला गुंड जिथं ठेवला, तिथंच तो मेला.

आईचा विश्वास बसला नाही. पुस्तकातलं सांगून राहिली, म्हणाली. मग आमच्या लॅबमधल्या धनीराम भाऊंनी आरीनं तड्याच्या खालून गुंडाच्या पोटाचं एक कडं कापून वेगळं केलं आणि ते कडं आडवं चिरलं. शेवटचा धागा सुटला मात्र, दोन्ही कडा आपोआप एकमेकींपासून दूर सरकल्या. कुणी ओढल्या नाहीत. मी हे शंभरदा पाहिलं असेल, तरी माझ्या अंगावर काटा आला. पन्नास वर्षांपूर्वी कुण्या कासारानं मारलेला हातोडा त्या क्षणी सुटत होता. आई मागं सरकून भिंतीला टेकली. बुडाचा भाग शाबूत होता, तो मी तिच्याच हातानं अमोनियाच्या बंद डब्यात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली तिच्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी तिनंच डबा उघडला. पाण्यानं धुतल्यावर बुडावर केसाएवढ्या नव्या भेगा दिसल्या. तिनं त्यांवरून बोट फिरवलं. मग मला विचारलं, "कोणी हात नाही लावला ना?" मी म्हटलं, नाही. "मंग थे पोरगी खरंच सांगत होती," ती म्हणाली आणि लॅबमधल्या स्टुलावर बसून रडली. मी आईला असं रडताना बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

पुढचं तुला कुणीतरी सांगितलंच असेल, पण मी तिथं होते म्हणून माझ्याकडून ऐक. रविवारी विहारात वंदना झाली, लोक उठायला लागले, आणि आई कापलेला गुंड पिशवीतून काढून उभी राहिली. घरभरणीला होते तेच सगळे समोर बसले होते. म्हणाली, "गुंड म्या फोडला. मुताच्या तणसात ठेवून म्याच फोडला. सुनेले लबाड म्हटलं, थे खोटं होतं." रुखमिणी मावशीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. रत्ना, मी लोखंड तुटताना पाहिलं आहे, काच फुटताना पाहिली आहे, पण आपली आई अशी सगळ्यांपुढं उभी राहिलेली पाहून मी जेवढी थक्क झाले तेवढी कशानंच झाले नाही. जीवनही तिथंच होता. त्याचं काय करायचं ते तू ठरव. गप्प बसणाऱ्या नवऱ्यांची तपासणी आमच्या लॅबमध्ये होत नाही.

मी आईला म्हटलं, तुझ्या वतीनं रत्नाला बोलावून घेते. ती म्हणाली, "बोलावू नोको. येणं न येणं तिचं. थे खरी होती, एवढं लिहून दे." तुला परत आणायला म्हणून मी हे पत्र लिहिलेलं नाही. तुला तोंडावर लबाड म्हटलं गेलं, म्हणून ते परत घेतल्याचं तुझ्या हातात कागदावर असावं, उद्या तू कुठल्याही घरात राहिलीस तरी. आम्ही अहवालाच्या शेवटी कारण लिहितो आणि खाली सही करतो. तर कारण असं: गुंड रत्नमालेनं फोडला नाही. माझ्या सहीच्या वर आईनंही आपली सही केली आहे. तिला सहीची सवय नाही, म्हणून 'पार्वताबाई' थोडं वाकडं आलं आहे.

तुझीच,
प्रतिक्षा