आरपार कोनाडा

बाबा, मेलेल्या माणसाचा काय हेवा करायचा, पण मी तुमचा करते, आणि अगदी मनापासून करते. सिलतऱ्याच्या कारखान्यात तुम्ही नुसते नकाशे काढणारे, डिग्री नाही, काही नाही. कामगारांच्या बारा घरांत तुम्ही दोन-दोन स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंतीत एक आरपार कोनाडा ठेवला, दोन्हीकडून लाकडी दार लावलेला. भिंतीला भोक काहून, म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. तुम्ही घरी येऊन नेहमीसारखे जेवलात. मी वहीत घर काढून राहिले होते, त्यातल्या भिंतीवर बोट ठेवून म्हणालात, "पोट्टी, इथून हाक कशी जाईन?" असा राग आला होता मला! इतकं छान घर काढलं आणि तुम्हाला हाकेचं पडलं होतं.

आता मी आर्किटेक्ट आहे. शहरात, तेलीबांध्याला तळ्यासमोर मी काढलेल्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहते. खाली लोकांनी बसावं म्हणून चौक ठेवला, बाकं ठेवली. तिथं एकटा माळी बसतो. तुम्ही गेल्यापासून त्या बारांतल्या आपल्या घरात एकट्या राहणाऱ्या आईला म्हणते आहे, ये राहायला. दोन महिन्यांपूर्वी आली एकदाची. पहिल्याच सकाळी भाजी केली आणि वाटी हातात घेऊन ओट्यामागच्या टाइल्सकडे बघत उभी राहिली. चार दिवसांनी म्हणाली, "तुह्या घरात सारं हाय बाई, पर वाटी कोणाले देऊ?" जीव जळला माझा. इतकी वर्षं झिजून मी जे घर उभं केलं, ते तुमच्या एका भोकापुढं हरलं.

कोनाड्यापलीकडची शेजारीण, दीदी, आईच्या मागोमाग लेकीच्या बाळंतपणाला बिलासपूरला गेली होती. छत्तीसगढी बाई, तिकडून तांदळाचा चीला यायचा, इकडून झुणका जायचा, पंचवीस वर्षं. त्या जुन्या घराला रंग देते म्हणून मी आईला आणखी आठ दिवस थांबवलं आणि मिस्त्री घेऊन गेले.

आई परतली तेव्हा कोनाड्याच्या जागी सपाट भिंत होती. तिनं त्यावरून हात फिरवला. "दीदीनं बुजवला?" असं तिनंच विचारलं बाबा, मी सुचवलं नव्हतं. मी म्हटलं, जायच्या आधी तिकडून विटा लावून गेली वाटतं, मग मी आपल्या बाजूनं गिलावा करून घेतला. पुढं दीदी आली, तिनं तिकडचं दार उघडलं, विटा पाहिल्या. तिला वाटलं, आईनं लावल्या. दोघीही मानी, कोणी कोणाला विचारलं नाही. आता नळावर भेटल्या तर तोंडदेखलं हव-हव करतात आणि आपापल्या घरात जातात.

काल आईचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "माह्यं काय चुकलं असन गं?" मी विचारलं, जेवलीस का. "जाऊ दे. तुह्याकडंच येतो राहायले."

तिची खोली आवरून झाली आहे. हे पत्र तुमच्या जुन्या नकाशांच्या गुंडाळीत घालून ठेवते, ती गुंडाळी आई कधी उघडत नाही. विटा मीच लावल्या. आणि ती येते म्हणाली, तेव्हा मला आनंदच झाला.