फडताळाची आतली भिंत

मेक्सिको शहर, ४ फेब्रुवारी १९७४

ति. एलोदियाताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याकडे दुरुस्तीला धाडलेलं आईचं फडताळ काल पोचलं. तू ते कापसात इतकं गुंडाळलं होतंस की फिदेलने विचारलं, ताईने फडताळ पाठवलंय की अंडं? वीतभर उंचीची वस्तू, पण सोडवायला अर्धा तास लागला. दारं आता कुरकुरत नाहीत, बिजागऱ्या नव्या, रोगण आरशासारखं. तुझ्या हाताला तोड नाही, हे मी त्याला ऐकवलंच.

पण ताई, एक विचारू? दारांवरची पांढरी फुलं आईची वाटत नाहीत. तिच्या फुलांना एक झुकाव होता, वाऱ्यावर असल्यासारखा. ही शाळेच्या रांगेत उभी केल्यासारखी ताठ आहेत. आणि आतली मागची भिंत? ती तर गडद तपकिरी होती, मी बाहुलीच्या बश्या तिला टेकवून मांडायचे. आता ती पांढरीफटक आहे. घाईत तुझ्या दुकानातलं दुसरंच एखादं फडताळ खोक्यात गेलं नाही ना? मेमध्ये इथलं खेळण्यांचं संग्रहालय उघडतंय. तिथे ते आईच्या नावाने मांडायचं ठरलंय. राज्यात पहिलं बक्षीस मिळवलेली वस्तू आहे, भलतीच जायला नको.

बाकी सगळं ठीक. फिदेल दिवसभर लोकांची घड्याळं दुरुस्त करतो आणि स्वतः मात्र जेवायला रोज उशिरा येतो.

उत्तर लवकर धाड, आणि धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आंपारो

पात्स्क्वारो, १५ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. आंपारोस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. वीस वर्षं मी बाहुलीघरातल्या खुर्च्या-पलंग रंगवतेय, आणि आपल्या आईचं फडताळ मला ओळखू येणार नाही? तुझ्या घरातल्या ओलीने दारांवरचा रंग पापुद्र्यांसारखा सुटला होता. तो खरवडला, लाकूड बारीक पॉलिशपेपरने घासलं, अस्तराचे दोन हात दिले आणि मग रंगाचे पातळ चार. एवढ्याशा वस्तूवर रंग जाड बसला की ती फडताळ न दिसता केकचा तुकडा दिसते. म्हणून फुलं नव्याने काढावी लागली. ती ताठ असतील तर असोत, मीही ताठच आहे.

आतली भिंत किडली होती, म्हणून पांढरी केली. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

चाबेलाआत्याने नवे दात बसवलेत. आता येईल त्याला ती मक्याचं कणीस खाऊन दाखवते.

फिदेलला आशीर्वाद. मनात काही न ठेवता लोभ ठेव.

तुझी ताई,
एलोदिया

मेक्सिको शहर, ३ मार्च १९७४

श्रीमती एलोदिया यांस,
स. न. वि. वि.

चाबेलाआत्याचं पत्र आलं. दातांबद्दल दोन पानं, आणि शेवटी सहज एक ओळ: डिसेंबरात एक परदेशी बाई गाडी घेऊन तुझ्या दुकानात आली आणि एक जुनं निळं फडताळ घेऊन गेली. डिसेंबरात आईचं फडताळ तुझ्याकडेच होतं. तेही निळं आणि जुनंच.

फिदेलने डोळ्याला भिंग लावून आतली भिंत तपासली. किडीचं एकही भोक नाही. किडलेल्या लाकडाला भोकं नसतात का? मग तू मला खोटं का लिहिलंस?

आई गेली तेव्हा तुला दुकान मिळालं, मला फडताळ. मी कधी हूं की चूं केलं नाही. आता माझा हिस्साही तू त्या बाईला देऊन टाकला असशील, तर तसं सरळ लिही. निदान संग्रहालयात आईच्या नावाखाली तुझी नक्कल तरी मांडली जाणार नाही.

लोभाबद्दल या खेपेस काही लिहीत नाही.

आंपारो

पात्स्क्वारो, १२ मार्च १९७४

आंपारो,

परदेशी बाईने नेलं ते मी केलेलं फडताळ होतं. जुनं दिसावं म्हणून कडा मीच घासल्या होत्या, तसली गिऱ्हाइकं तेच मागतात. आईचं तुझ्याकडेच आहे. माझ्या मुलांची शपथ.

पण आतल्या बाजूला हात लावू नकोस. रंग अजून कच्चा आहे.

एलोदिया

मेक्सिको शहर, २४ मार्च १९७४

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

रंग कच्चा नव्हता. दोन महिन्यांत कुठला राहायला? तू नको लिहिलंस म्हणूनच मी हात लावला. कापसाच्या बोळ्याला टर्पेंटाइन लावून आतली भिंत हलके हलके पुसत गेले. फिदेल शेजारी उभा राहून सारखा म्हणत होता, जपून, नाहीतर दोन बहिणींच्या भांडणात फडताळ मरेल.

पांढऱ्याच्या खाली एक माळ निघाली. इवलीइवली पानं, आणि फुलं आईसारखीच झुकलेली. म्हणजे फडताळ आपलंच आहे. तुझ्यावर नाही नाही ते आरोप केले, त्याची लाज वाटते.

पण माळेच्या खाली अक्षरं आहेत. फिदेलने भिंगातून वाचून दाखवली: हे मी रंगवलं. तोमासा हेरोनिमो, क्वानाहो, १९३६.

बक्षीस आईला १९३६ सालीच मिळालं ना? ही तोमासा कोण? आणि तू हे माझ्यापासून का लपवलंस? आता मला चोरीचा संशय नाही, ताई. दुसराच येतोय, आणि तो जास्त वाईट आहे.

तुझी,
आंपारो

पात्स्क्वारो, ५ एप्रिल १९७४

चि. आंपारोस,
आशीर्वाद.

तुझा संशय खरा आहे.

तू पाळण्यात होतीस. मी सात वर्षांची. मंगळवारी आणि शुक्रवारी क्वानाहो गावाहून एक बाई यायची आणि मागच्या खोलीत आईबरोबर बसायची. ती लाकूड घासायला येते, असं आई लोकांना सांगायची. पण मांजराच्या शेपटीच्या केसांचा कुंचला मी तिच्याच हातात पाहिलाय. श्वास रोखून फूल काढायची आणि मगच सोडायची. बक्षीस लागल्यावर ती यायची बंद झाली. आई म्हणाली, ती समुद्राकडच्या गावी गेली. मीही विसरले. खरं सांगायचं तर विसरायचं ठरवलं.

नोव्हेंबरात तपकिरी रोगण उतरवताना ते नाव वर आलं. तसलं जाड गडद रोगण रंगाचं काम कळणारं माणूस आत कधीच देणार नाही. आईने ते मुद्दाम दिलं होतं. मी दोन दिवस ती भिंत बघत बसले. माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘क्रेसेन्सियाची लेक’ लिहिलंय. गिऱ्हाइकं ते वाचून आत येतात. मी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला.

आईने केलं तेच मी केलं. तू जे ठरवशील ते मला मान्य आहे.

रागाव, पण पत्र टाकणं सोडू नकोस.

ताई

मेक्सिको शहर, १४ एप्रिल १९७४

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

फडताळ याच टपालाने परत पाठवतेय. ते घेऊन क्वानाहोला जा. ती बाई जिवंत असेल तर तिला विचार, नसेल तर तिच्या माणसांना. तोवर मी संग्रहालयाला कुठलंच नाव देणार नाही.

एकटीला जायची भीती वाटत असेल तर चाबेलाआत्याला ने. तिच्या दातांकडे बघून सगळे बाकीचं विसरतील.

तुझ्यावर रागावलेली आणि तरी तुझीच,
आंपारो

पात्स्क्वारो, २९ एप्रिल १९७४

चि. आंपारोस,
अनेक आशीर्वाद.

एकटीच गेले. तोमासा आहे, त्र्याहत्तर वर्षांची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ शाबूत. समुद्राकडे ती जन्मात कधी गेलेली नाही. मी आईचं नाव सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे सरसाच्या डब्यात बोट घालून चाटणारी पोरगी तूच का?

मी माफी मागायला लागले, तर तिने हातानेच थांबवलं. बक्षीस लागल्यावर ती आईला विचारायला आली होती. आईने तिला एक शाल दिली आणि सांगितलं की खेड्यातल्या बाईचं नाव परीक्षक विचारातही घेत नाहीत. तिने शाल घेतली. मी विचारलं, ठेवली आहे का? म्हणाली, शाली काय ठेवायच्या असतात? थंडीत पांघरली, फाटली.

मग फडताळ हातात घेऊन तिने बोटांनी सगळीकडून चाचपलं. दाराशी थांबली आणि विचारलं, ही ठोकळ्यासारखी फुलं कुणाची? माझी, म्हणाले. म्हणाली, उतरव. आठ दिवस मी रोज बसने गेले. ती सांगायची, मी काढायचे. रेघ दिसत नव्हती, तर माझा श्वास ऐकून ओरडायची. म्हणायची, फूल काढताना श्वास घेतलास, पुसून टाक. इतकी बोलणी मी आईचीसुद्धा खाल्ली नव्हती. आठव्या दिवशी ती ओरडली नाही.

आईचं नाव पूर्ण काढायचं का, असं तुझ्या वतीने मी विचारलं. ती नको म्हणाली. लाकूड क्रेसेन्सियाच घासायची, आणि तसं गुळगुळीत लाकूड तिला पुन्हा कुणी दिलं नाही. हे सांगताना मात्र तिचा आवाज बदलला.

दुकानाची पाटी उतरवली आहे. नवीन काय लिहायचं ते सुचलेलं नाही.

ताई

मेक्सिको शहर, २० मे १९७४

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला ताप आला नसता तर काल तूही इथे असतीस, म्हणून सगळं लिहिते.

तोमासाबाई नातीबरोबर सकाळच्या गाडीने आल्या. संग्रहालयात गर्दी होती. काचेसमोर आम्ही त्यांना उभं केलं, पण त्यांना नुसता निळा डाग दिसत होता. त्यांनी फिदेलला पाटी वाचायला सांगितली. त्याने वाचली: बाहुलीघराचं फडताळ, १९३६. लाकूडकाम क्रेसेन्सिया. रंगकाम तोमासा हेरोनिमो, क्वानाहो. दारांवरची फुलं १९७४ साली तिच्या देखरेखीखाली एलोदियाने पुन्हा काढली.

त्या म्हणाल्या, पुन्हा वाच. त्याने वाचली. म्हणाल्या, जरा मोठ्याने. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. त्याने तिसऱ्यांदा वाचायला सुरुवात केली तशी दालनातली माणसं जवळ आली. त्यांनी काचेवर तळहात टेकला, नाव ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बरोबर आहे. मग नातीला विचारलं, इथे जेवायला कुठे मिळतं?

तुझी,
आंपारो