सणाच्या सात दिवसांचा नियम

१ सप्टेंबर, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस. ऑफिस तालुका-कचेरीच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून खाडी दिसते, अलीकडे लसणाची रिकामी शेतं. माझं टेबल खिडकीशी. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला एवढं मिळालं, आनंद आहे.

मॅनेजमेंटची पदवी घेऊन सोलमध्ये तेवीस वर्षं विक्रीखात्यात काढली. मार्चमध्ये कंपनीनं सन्मानानं घरी बसवलं. मग पाच महिने, रोज सहा तास, एकट्यानं बसून डेटा अ‍ॅनालिसिस शिकलो. क्लास नाही, गुरू नाही. मुलाखतीत मला तीन प्रश्न विचारले, मी त्यांच्या प्रश्नातल्याच दोन चुका दाखवल्या.

काम असं: तालुक्यात एकट्या राहणाऱ्या ४३१ म्हाताऱ्यांच्या भातकुकरच्या प्लगला एकेक यंत्र बसवलंय. कुकर कधी लागला, किती मिनिटं चालला, ते आमच्याकडे येतं. छत्तीस तास कुकर गप्प राहिला की कचेरीचा माणूस दार ठोठावतो. एकटं माणूस मरून पडलंय आणि कुणाला पत्ता नाही, असं होऊ नये म्हणून.

टीमप्रमुख प्यो बाई, वय एकतीस. मी सोलमध्ये विभागप्रमुख होतो हे कुणीतरी सांगितलेलं दिसतं. मला मुद्दाम ‘योम साहेब’ म्हणतात आणि प्रिंटरचा कागद भरायला लावतात.

४ सप्टेंबर, गुरुवार
आमच्या तक्त्यात नावं नसतात. गाव, जन्मवर्ष, घराचा क्रमांक, बस. तरी २८८ वर नजर गेली आणि ओळखलं. गाव आमचं. जन्मवर्ष कागदावर दोन वर्षं उशिराचं. आजोबांनी नोंद तशीच केली होती. ही आई.

सकाळी ६:२०ला कुकर. बावीस मिनिटं. एका माणसाचा भात. चार दिवसांत फरक जास्तीत जास्त दोन मिनिटांचा.

तिला वाटतं मी अजून सोलमध्ये विभागप्रमुख आहे. इथून तिचं घर चौदा किलोमीटर. तीन महिन्यांची उमेदवारी संपून कायम झालो की जाईन आणि सगळं सांगेन. तिनं लसूण उपटून उपटून बोटं वाकडी करून घेतली ती माझ्या पदवीसाठी. रिकाम्या हातानं कसं जायचं?

तोवर रोज ६:२०ला भेट होतेच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
छुसोकचा, पितरांना ताट वाढायचा सण दोन आठवड्यांवर. यंदा सलग सात दिवस सुट्टी, ३ ते ९. गेल्या वर्षी या दिवसांत २१३ घरांचे कुकर गप्प झाले, कचेरीची माणसं पितरांची ताटं तशीच टाकून धावली, आणि बहुतेक दारांना कुलूप. म्हातारी माणसं हल्ली सणाला मुलांकडे शहरात जातात, एवढं साधं कारण. मी नियम लिहिला: या सात दिवसांत कुकर गप्प असेल तर इशारा द्यायचा नाही. अकरा ओळींत काम झालं. साहेबलोक खूश.

एकट्या प्यो बाई अडल्या. ज्यांच्याकडे कुणी येत नाही आणि जे कुठे जात नाहीत, त्यांचं काय, म्हणाल्या. मी सांगितलं, दोन टक्के.

“दोन टक्के म्हणजे माणसं किती, योम साहेब?”

नऊ, म्हटलं. हिशेब माझा बरोबर होता.

३० सप्टेंबर, मंगळवार
आईला फोन केला. सणाला येणार का, असं तिनं विचारलं नाही. तांदूळ नवा आलाय एवढंच म्हणाली. मी थाप मारली, कंपनी व्हिएतनामला पाठवतेय. म्हणाली, “जा. तिकडे भात मिळतो ना?”

उल्सानला ताईकडे जा, असं मी दोनदा बजावलं. बघते, म्हणाली.

४ ऑक्टोबर, शनिवार
खोलीवरून तक्ता उघडला. २८८ काल सकाळनंतर गप्प. म्हणजे गेली ताईकडे. बरं वाटलं. इन्स्टंट नूडल्स केल्या आणि सण साजरा केला. माझा नियम चोख चाललाय, एकही खोटा इशारा नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळी ६:२०ला २८८ सुरू. आली घरी.

दुपारी ताईचा फोन. आई फोन उचलत नाही, तुझ्याकडेच आहे ना, म्हणाली. मला कळेना. ताईला आईनं सांगितलं होतं, मी सोलला ग्योम्होकडे, म्हणजे माझ्याकडे, चाललेय, तू सासरचं बघ. लेकीला ओढाताण नको म्हणून.

बस मिळाली नाही. टॅक्सीनं गेलो. चौदा किलोमीटर, एकोणीस मिनिटं.

स्वयंपाकघरात होती. डॉक्टर म्हणाले, सात दिवस झाले.

१३ ऑक्टोबर, सोमवार
काल माती दिली. शेजारच्या काकू रडत म्हणाल्या, दार बंद दिसलं, वाटलं लेकाकडे मजेत असेल. तूही बाबा तिकडून विमानानं आलास ना. मी हो म्हटलं. अजूनही हो म्हटलं.

लिहायला नको, पण नोंद चुकवणं माझ्या स्वभावात नाही. ३ तारखेला संध्याकाळी आई गेली. मग १० तारखेला सकाळी ६:२०ला कुकर कुणी लावला? मी दुपारी पाहिला तेव्हा त्यात थंड पाणी आणि तांदूळ होते. शिजलेलं काही नव्हतं.

प्लगचं यंत्र मीच काढलं. माझ्या बॅगेत आहे.

आज ६:२०. २८८ सुरू. बावीस मिनिटं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
प्यो बाईंना सकाळी सहालाच ऑफिसात बोलावून दाखवलं. यंत्र बिघडलं असेल, म्हणाल्या. मी बॅगेतून काढून टेबलावर ठेवलं. वायर लोंबत होती. पडद्यावर २८८चा आकडा चढतच होता. त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

नऊमधली एक कोण, ते मी तेव्हाच सांगितलं. माझी आई. त्यांनी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. घरी जा म्हणाल्या, आणि प्रिंटरमध्ये कागद स्वतः भरला.

१५ ऑक्टोबर
चौतीस मिनिटं. बावीस नाही. मी दीड महिना हे आकडे वाचतोय, मला कळतं.

दोन माणसांचा भात.

१६ ऑक्टोबर
चौतीस. नियमाच्या अकरा ओळी पुसल्या. आता कुणासाठी?

काल उरलेल्या आठ घरी फोन केला. सगळ्यांनी उचलला. सगळे बरे आहेत —

१७ ऑक्टोबर
दिवसातून तीनदा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. चौतीस, चौतीस, चौतीस. सणाला वाट बघताना करायची तसं. पोर कधी येईल नेम नाही, भात गरम हवा —

मी जात नाही म्हणून ती —

१८ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ११:४०
घरी आलोय. कुलूप मीच लावलं होतं, तसंच होतं. आत ऊन आहे. भाताचा वास.

जेवणाचा पाट मांडलाय. दोन वाट्या. तिची रिकामी, पुसून खाल्लेली. दुसरी माझ्या जागेवर. वाफ येतेय. भातात चमचा उभा रोवलाय. जिवंत माणसाच्या वाटीत आमच्याकडे कुणी चमचा उभा ठेवत नाही. तो पितरांच्या ताटात.

वाटीमागे फोटो. माझा. पदवीच्या दिवशीचा, काळी टोपी घातलेला. त्याला काळी फीत —

सणाला आला नाही. फोन नाही. तिच्या लेखी मीच गेलोय. माझं ताट वाढतेय, रोज तीनदा —

मोठ्यानं बोललो. “आई, मी व्हिएतनामला नव्हतो. सोललाही नाही. इथेच होतो. चौदा किलोमीटरवर.”

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. हळू.

दार उघडं आहे. जाता येईल. पण ताट तसंच राहिलं तर ती संध्याकाळी पुन्हा —

बसलो. चमचा उपसला. पहिला घास — नवा तांदूळ. गोड आहे.

पाठीवर हात. थंड. लहानपणी घाईनं खाताना ठेवायची तसा. सावकाश म्हणतोय की

आई, मी जेवतोय, बघ, मी जेव —